पेनड्राइव्ह कुणाचा, चूक कुणाची?

मुलांनो, आमच्या वर्गात खिडकीपाशी बुटांचा एक रिकामा खोका ठेवलेला असतो. वरच्या बाजूला ब्लेडने चीर पाडलेली आणि बाहेरून स्केचपेनने लिहिलेलं, 'शंकापेटी'. ज्याला जे विचारायचं असेल ते त्यानं चिठ्ठीवर लिहायचं आणि आत टाकायचं. नाव लिहायची सक्ती नाही. शनिवारी शेवटच्या तासाला मी पेटी उघडते. बहुतेक चिठ्ठ्या 'सहल कधी जाणार?' अशाच असतात, पण मधूनच एखादी अशी निघते की त्या शनिवारी घरी जातानाही ती डोक्यातून जात नाही.

परवा निघालेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'बाई, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आला तर बोलणी कुणी खायची?'

वर्गात हशा पिकला. एकजण म्हणाला, "ज्यानं आणला त्यानं!" दुसरी म्हणाली, "नाही, ज्यानं बनवला त्यानं!" आणि मागच्या बाकावरचा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "कॉम्प्युटरनं त्याला आत घेतलाच कशाला?"

मी हसले नाही. हसू येईना. का ते सांगते. आज तुम्हाला दुसऱ्याची नाही, माझीच गोष्ट सांगणार आहे, आणि ती काही फारशी अभिमानाची नाही.

गोष्ट आहे 2012 सालची. डी.एड. होऊन मी नुकतीच एका गावातल्या शाळेत लागले होते. तिथं एक कॉम्प्युटर खोली होती. खोली म्हणजे जुन्या कोठीघरालाच रंग दिलेला. आत पाच कॉम्प्युटर, त्यांवर फुलाफुलांची प्लॅस्टिकची झाकणं, आणि बाहेर चपला काढूनच आत यायचं असा दंडक. इंटरनेट नव्हतं. सगळ्या शिक्षकांत मी तरुण, म्हणून कॉम्प्युटर खोलीची किल्ली माझ्याकडे. मला त्यातलं फार कळत होतं असं मुळीच नाही, पण 'नव्या बाईंना येतं' अशी एकदा बोलवा झाली की झाली.

डिसेंबरात स्नेहसंमेलन होतं. सातवीतल्या एका मुलानं नाचाची गाणी बाजारातल्या दुकानातून पेनड्राइव्हमध्ये भरून आणली. झेरॉक्स, रिचार्ज, फोटो, गाणी, सगळं एकाच दुकानात मिळतं ना, तसलं दुकान. त्यानं पेनड्राइव्ह लावला, मी शिकवलं होतं तसंच 'माय कॉम्प्युटर' उघडलं, पेनड्राइव्हच्या चित्रावर दोनदा क्लिक केलं. गाणी वाजली. आम्ही तालीम केली. सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी पाहते तर निकालपत्रकांच्या फोल्डरवर इवलासा बाण आलेला. शेजारच्या फोल्डरवरही बाण. एकेक उघडायला जावं तर कॉम्प्युटर कण्हायला लागे. माझ्या पोटात गोळा आला. सहामाहीचे सगळ्या वर्गांचे गुण त्यात होते! मी काय केलं असेल? माझा स्वतःचा पेनड्राइव्ह काढला, त्यावर जमेल तेवढं उतरवून घेतलं, आणि 'निदान दुसरीकडे तरी सुरक्षित राहील' म्हणून तोच पेनड्राइव्ह बाकीच्या चारही कॉम्प्युटरांना एकामागून एक लावला. संध्याकाळपर्यंत पाचही कॉम्प्युटरांवर बाणच बाण.

आणि मग मी सातवीच्या वर्गात गेले आणि त्या मुलाला सगळ्यांदेखत उभं केलं. "कुणी सांगितलं होतं तुला बाहेरची घाण शाळेत आणायला?" असं म्हणाले. आणखीही पुष्कळ म्हणाले. तो खाली मान घालून उभा होता.

चार दिवसांनी तालुक्याहून कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक दादा आले. त्यांनी काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली आणि सगळी फोल्डरं जागच्या जागी दिसायला लागली. विषाणूनं ती पुसली नव्हती, नुसती लपवली होती आणि त्यांच्या जागी तोतये बसवले होते. तोतयावर क्लिक केलं की आधी विषाणू जागा व्हायचा आणि मग खरं फोल्डर उघडायचं, म्हणजे कुणाला शंका नको! मी सुटकेचा श्वास सोडला आणि म्हटलं, "हे सगळं त्या एका पोरामुळे."

दादा कॉम्प्युटरकडे बघतच म्हणाले, "पोरानं काय केलं मॅडम? पेनड्राइव्ह लावला आणि उघडला. पेनड्राइव्ह त्यासाठीच असतो."

मुलांनो, त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं आणि पुढे मी हळूहळू वाचून जे जाणून घेतलं, ते आता सांगते.

कॉम्प्युटरमध्ये एक कारभारी असतो. त्याचं नाव ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज, लिनक्स, मोबाईलमधलं अँड्रॉइड, हे सगळे कारभारीच. कुठला प्रोग्रॅम चालू द्यायचा, कुणाला कुठल्या कपाटात हात घालू द्यायचा, पडद्यावर काय दाखवायचं, हे तो ठरवतो. विषाणू म्हणजे काही किडा नाही हं! तोही एक प्रोग्रॅमच, म्हणजे हुकुमांची यादी. फरक इतकाच की त्या यादीत 'माझी आणखी एक प्रत कर आणि दुसरीकडे नेऊन ठेव' असाही हुकूम असतो. कारभाऱ्यानं यादी वाचली नाही, तर विषाणू नुसता पडून राहतो. वाण्याच्या चोपडीत लिहिलेलं वाचल्याशिवाय उधारी वसूल होते का?

मग आमच्या कारभाऱ्यानं ती यादी वाचली कशी? मुलानं तर फक्त पेनड्राइव्ह उघडला होता, कुठलाही प्रोग्रॅम चालवला नव्हता. इथेच खरी मेख आहे.

1995 साली विंडोजमध्ये 'ऑटोरन' नावाची एक सोय आली. तेव्हा सीडीचा जमाना सुरू होत होता. लोक सीडी घालायचे आणि 'आता पुढे काय?' म्हणून बघत बसायचे. तेव्हा कंपनीनं ठरवलं की सीडीवर एक छोटी चिठ्ठी ठेवायची, ऑटोरन डॉट आयएनएफ नावाची. कारभाऱ्यानं ती वाचायची आणि तीत ज्याचं नाव असेल तो प्रोग्रॅम आपण होऊन सुरू करायचा. सीडी घाला की खेळ चालू! कारखान्यात छापलेल्या सीडीवर कुणी काही नवीन लिहू शकत नव्हतं, त्यामुळे फारसं बिघडलं नाही. पुढे पेनड्राइव्ह आले. त्यांवर कुणीही काहीही लिहावं. आणि विंडोज एक्सपीमध्ये पेनड्राइव्हच्या चित्रावर दोनदा क्लिक केलं की कारभारी आधी त्यावरची ती चिठ्ठी पाहायचा. विषाणूनं आपलं नाव त्या चिठ्ठीत लिहून ठेवलं की काम झालं. तुम्हाला वाटतं आपण दार उघडलं, खरं म्हणजे पाहुण्याला हाताला धरून माजघरात आणून बसवलेलं असतं.

2008 च्या नोव्हेंबरात 'कॉन्फिकर' नावाचा विषाणू आला, त्यानं तर कमाल केली. तो मुख्यतः नेटवर्कमधूनच पसरायचा, पण पुढच्या त्याच्या अवताराला पेनड्राइव्हचीही वाट सापडली. पेनड्राइव्ह लावल्यावर पडद्यावर जी चौकट येते ना, 'फाइली बघायच्या का? गाणी वाजवायची का?' असं विचारणारी, तिच्यात त्यानं आपली एक ओळ घुसवली. चित्र पिवळ्या फोल्डरचं, आणि शब्द, 'फाइली पाहण्यासाठी फोल्डर उघडा'. हुबेहूब! कितीही शहाणा माणूस असो, तो तिथंच क्लिक करणार.

आता एक गंमत बघा. 2011 च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टनं एक्सपी आणि व्हिस्टा या आपल्या दोन कारभाऱ्यांना अपडेट पाठवला की, 'यापुढे पेनड्राइव्हवरची चिठ्ठी वाचायची नाही.' बस्स, एवढंच. आणि काही महिन्यांतच या दोन्हींवरची, चिठ्ठीच्या वाटेनं येणाऱ्या विषाणूंची लागण निम्म्याहून जास्त उतरली. विचार करा, त्या तीन-चार महिन्यांत जगातली माणसं अचानक हुशार झाली का? नाही. तीच माणसं, तेच बाजारातले पेनड्राइव्ह, तेच दोनदा क्लिक. बदलला तो फक्त कारभाऱ्याचा एक नियम.

मी हे वाचलं तेव्हा मला सातवीतली ती खाली घातलेली मान आठवली.

पण थांबा. लगेच 'सगळा दोष कंपनीचा' असं म्हणून मोकळे होऊ नका. कारण हा नियम 2011 मध्ये बदलला आणि माझी फजिती झाली 2012 मध्ये! म्हणजे औषध निघालेलं होतं. आमच्या पाच कॉम्प्युटरांपर्यंत ते पोचलंच नव्हतं. इंटरनेट नाही, म्हणून अपडेट नाही. अँटिव्हायरस घातलेला होता, पण त्याची मुदत संपून किती दिवस झाले होते ते मी कधी पाहिलंच नव्हतं. रोज कोपऱ्यात एक लाल खूण यायची. ती कशाची असते असं एका मुलीनं विचारलंही होतं. मी म्हटलं होतं, "ते येतंच. फुलीवर क्लिक कर, जातं." किल्ली कुणाकडे होती? माझ्याकडे.

या वादाला काही माझ्या शाळेत सुरुवात झालेली नाही. तो विषाणूंइतकाच जुना आहे. 1982 साली अमेरिकेत रिच स्क्रेंटा नावाच्या नववीतल्या पोरानं ॲपल-टू कॉम्प्युटरसाठी 'एल्क क्लोनर' लिहिला, मित्रांची खोडी काढायला म्हणून. त्याची फ्लॉपी घालून पन्नासाव्यांदा मशीन सुरू केलं की पडद्यावर एक कविता यायची. 1986 साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' सोडला, त्यात चक्क आपलं नाव आणि फोन नंबर घालून! हे दोन्ही विषाणू एकाच कारणानं पसरले. तेव्हाचा कॉम्प्युटर सुरू होताना आधी फ्लॉपीच्या खणात डोकवायचा आणि तिथं पहिल्या जागी जे काही लिहिलं असेल ते मुकाट्यानं करायचा. फ्लॉपी आत विसरली ही माणसाची चूक. पण विसरलेल्या फ्लॉपीचं ऐकायचं हे कुणी ठरवलं?

(घरी आजोबांच्या कपाटात जुनी मोठी फ्लॉपी असेल तर पाहा. कडेला एक चौकोनी खाच असते. त्या खाचेवर कागदाची पट्टी चिकटवली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे, विषाणूलाही नाही. एवढं साधं कुलूप! पण पट्टी चिकटवायला लक्षात कुणाच्या राहतं?)

आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलीचे काका पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतात. ती म्हणाली, "बाई, काका सांगतात की लिनक्स घ्या, त्यात व्हायरस येतच नाही." काकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. युनिक्स आणि लिनक्स या घराण्यातले कारभारी पहिल्यापासून वाड्यासारखे बांधलेले. एका वाड्यात दहा बिऱ्हाडं, प्रत्येकाची खोली वेगळी, कुलूप वेगळं, आणि सगळ्या किल्ल्यांचा जुडगा एकाच मालकाकडे. उलट विंडोज 95 आणि 98 म्हणजे एका खोलीचं घर. जो आत आला तो मालक! त्याला चुलीपासून तिजोरीपर्यंत सगळं मोकळं. घरात कॉम्प्युटर एकच आणि वापरणाराही एकच, मग कुलपं कशाला, असा विचार त्यामागे होता. पुढे इंटरनेट आलं आणि त्या एका खोलीच्या घराला हजार दारं झाली.

पण वाड्यातही चोरी होते बरं का. फ्रेड कोहेन नावाच्या एका अमेरिकन विद्यार्थ्यानं 1983 साली परवानगी काढून युनिक्सच्याच मोठ्या कॉम्प्युटरवर प्रयोग केला. त्यानं मुद्दाम विषाणू लिहिला आणि सोडला. दर वेळी तासाभराच्या आत सगळ्या किल्ल्या विषाणूच्या हातात, आणि सगळ्यात चपळ वेळी तर पाच मिनिटंही लागली नाहीत! कुलूप न फोडता. वाड्यातले लोक एकमेकांचे प्रोग्रॅम वापरायचे, त्यातून तो इकडून तिकडे गेला आणि शेवटी मालकानंही तो प्रोग्रॅम चालवला. 'व्हायरस' हा शब्द अशा प्रोग्रॅमसाठी रूढ झाला तो या कामातूनच. कोहेननं आणखी एक गोष्ट गणितानं सिद्ध केली. कुठलाही प्रोग्रॅम समोर ठेवा, तो विषाणू आहे की नाही हे दर वेळी अचूक सांगेल असं यंत्र कधीच बनवता येणार नाही. कधीच! म्हणजे 'आमचा अँटिव्हायरस शंभर टक्के पकडतो' असं कुणी सांगितलं तर तुम्ही गालातल्या गालात हसायला हरकत नाही.

आणि 2 नोव्हेंबर 1988 ला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं सोडलेला किडा तर युनिक्सच्याच कॉम्प्युटरांत घुसला. तेव्हा सगळ्या इंटरनेटवर मिळून साठेक हजार कॉम्प्युटर होते, त्यातले सुमारे सहा हजार आजारी पडले असा अंदाज आहे. कुणी पेनड्राइव्ह लावला नव्हता, कुणी कशावर क्लिक केलं नव्हतं. प्रोग्रॅममध्येच भोकं राहिली होती, त्यांतून किडा शिरला. मात्र त्यानं आणखी एक वाट वापरली. त्याच्याजवळ 432 शब्दांची एक यादी होती आणि ती तो पासवर्ड म्हणून एकेक लावून बघायचा. कुणी आपलंच नाव पासवर्ड ठेवलंय का, कुणी तेच उलटं लिहिलंय का, हेही पाहायचा. आणि लागायचे की! आता तुमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड मनातल्या मनात आठवा. मोठ्यानं नको.

मला सगळ्यात आवडते, म्हणजे शिकवायला आवडते, ती मात्र 4 मे 2000 ची गोष्ट. त्या दिवशी फिलिपीन्समधून निघालेला एक ईमेल जगभर पोचला. विषय होता 'आय लव्ह यू', सोबत एक प्रेमपत्र जोडलेलं. उघडलं की फोटोंच्या फाइली नासायच्या आणि तेच पत्र तुमच्या पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला तुमच्या नावानं जायचं. इंग्लंडच्या पार्लमेंटला आपली ईमेल यंत्रणा काही वेळ बंद करावी लागली होती!

"मग उघडायचंच नाही ना असलं पत्र!" आमचा वर्ग एकसुरात म्हणाला. मीही आधी हेच म्हणत होते. पण ते पत्र नीट बघू या. प्रत्येक फाइलीला नाव आणि आडनाव असतं. टीएक्सटी आडनावाची फाईल म्हणजे साधा मजकूर, निरुपद्रवी. व्हीबीएस आडनावाची म्हणजे हुकुमांची यादी. या फाइलीचं पूर्ण नाव होतं 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस'. खरं आडनाव शेवटचं! पण विंडोजचा नियम असा की ओळखीची आडनावं दाखवायचीच नाहीत, लोकांना उगाच गोंधळल्यासारखं होतं. त्यामुळे पडद्यावर काय दिसलं? 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी'. म्हणजे ज्यानं सावधपणे आडनाव तपासलं, तोही फसला. वर पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं, कुणाची मावशी, कुणाचे साहेब. कारभाऱ्यानं चोराचं आडनाव झाकलं, आणि मावशीनं चिठ्ठी दिली. आता यात उघडणाऱ्याची चूक किती पैसे धरायची? रुपयात सांगा.

तिसरा आरोपी विसरू नका, ज्यानं हे लिहिलं तो. तो मनिलातला एक विद्यार्थी होता. त्याच्यावरचे आरोप मागे घ्यावे लागले, कारण तेव्हा त्या देशात विषाणू सोडणं हा गुन्हाच नव्हता! पुढच्याच महिन्यात, जून 2000 मध्ये, तिथं कायदा झाला. आपल्याकडेही त्याच वर्षी माहिती तंत्रज्ञान कायदा आला आणि परवानगीवाचून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात विषाणू घातला तर नुकसानभरपाई द्यावी लागेल असं त्यात ठरलं. तेव्हा 'गंमत म्हणून' कुणी शिकवत असेल तर स्पष्ट नाही म्हणा.

कंपन्यांनाही हळूहळू शहाणपण आलं. 2002 च्या जानेवारीत बिल गेट्सनी आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना पत्र लिहून कळवलं की नवी सोय आणि सुरक्षितता यांत निवड करायची वेळ आली, तर सुरक्षितता निवडा. 2004 पासून एक्सपीत बाहेरची दारं सुरुवातीपासूनच बंद ठेवायला लागले. 2007 ला व्हिस्टा आला तो मात्र दुसऱ्या टोकाला गेला. जरा काही केलं की पडदा काळवंडायचा आणि प्रश्न यायचा, 'परवानगी आहे का?' पुन्हा 'परवानगी आहे का?' तुम्हाला 'लांडगा आला रे आला' ठाऊक आहेच. लोकांनी न वाचता 'हो' म्हणायला सुरुवात केली. पुढच्या विंडोजमध्ये हे प्रश्न कमी करावे लागले. मला वाटतं, दर मिनिटाला विचारणारा कारभारी हा कधीच न विचारणाऱ्याइतकाच निरुपयोगी.

माणसाच्या स्वभावाचंही ऐका. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी 297 पेनड्राइव्ह आवारात मुद्दाम टाकून ठेवले आणि काय होतं ते पाहिलं. निदान 45 टक्के पेनड्राइव्ह कुणी ना कुणी कॉम्प्युटरला लावून त्यातल्या फाइली उघडल्या. पहिला तर सहा मिनिटांच्या आत! का उघडला असं विचारल्यावर पुष्कळांनी काय सांगावं? 'ज्याचा आहे त्याला परत द्यायचा होता.' म्हणजे चांगुलपणा. सापडलेली वस्तू परत करा, हे तर मीच दर वर्षी परिपाठात सांगते! चांगल्या स्वभावाचा माणूस फसेल अशीच रचना असेल तर आपण स्वभाव बदलायचा की रचना?

आमच्या गावची विहीर आठवा, म्हणजे तुमच्याही गावची. विहिरीत टीसीएल पावडर टाकायची हे ग्रामपंचायतीचं काम. ते झालं नाही तर घरोघर जुलाब-उलट्या होतात, मग आई कितीही पाणी गाळो. पण पावडर टाकूनही कुणी हात न धुता माठात बुडवला तर? दोन्ही कामं दोघांची आहेत, पण सारखी नाहीत. विहिरीतली एक चूक अख्ख्या गावाला भोवते. माठातली त्या घराला. म्हणून मी कुणी विचारलं तर जास्त पैसे विहीर सांभाळणाऱ्याच्या बाजूला टाकते. कंपनीच्या, आणि शाळेपुरत्या माझ्या. तुम्हाला पटलं नाही तर भांडा.

पालकांनो, दोन ओळी तुमच्यासाठी. सध्या मोबाईलवर लग्नपत्रिका म्हणून एपीके आडनावाची फाईल येते. पत्रिकेचं आडनाव कधी एपीके नसतं, तो प्रोग्रॅम असतो आणि बँकेचे संदेश वाचायला तो टपलेला असतो. इथं मात्र अँड्रॉइड आडनाव लपवत नाही आणि 'अनोळखी ठिकाणचा प्रोग्रॅम आहे, घालू का?' असं विचारतो देखील. मग दोष सरळ आपला? आमच्या शेजारच्या काकांनी ती फाईल घातली. पैसे गेले नाहीत, मुलगा वेळेवर आला म्हणून. काका म्हणाले, "इंग्रजीत कायतरी आलं होतं, मी ओके केलं." त्यांचा मोबाईल पहिल्या दिवसापासून इंग्रजीतच होता. सेटिंगमध्ये मराठी असते, पण हे दुकानात कुणी सांगितलं नाही, आणि मुलालाही सुचलं नव्हतं. त्या संध्याकाळी मुलानं भाषा बदलून दिली. तुमच्या घरातल्या आजी-आजोबांचा मोबाईल कोणत्या भाषेत आहे ते आज पाहून घ्याल का?

आणि मुलांनो, तुम्हाला एक काम. घरात किंवा शाळेत विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर मोठ्यांना विचारून एखादं फोल्डर उघडा आणि फाइलींची आडनावं दिसतात का पाहा. दिसत नसतील. अजूनही न दाखवण्याचाच नियम आहे! वरच्या 'व्ह्यू' मध्ये शोधलंत तर आडनावं दाखवायची खूण सापडेल. विंडोजचा अवतार कुठला, त्यावर ती कुठे आहे ते ठरतं, म्हणून नेमकी जागा मी सांगत नाही, तुम्हीच शोधा.

राहिला तो सातवीतला मुलगा. दादा येऊन गेल्यावर मी त्याला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. मला वाटलं, विसरला असेल. पण त्यानंतर वर्षअखेरपर्यंत कॉम्प्युटरच्या तासाला तो दारापाशी चपला सांभाळत बसायचा. आत ये म्हटलं तर, "असू दे बाई, मी बघतो इथनं," म्हणायचा. मला ते कळायला फार दिवस लागले.

गेल्या दिवाळीत एसटी स्टँडवर भेटला. आता वायरमनचं काम करतो. मीच तो विषय काढला आणि म्हटलं, "तेव्हा माझं चुकलं रे." तो हसला. म्हणाला, "बाई, मला एकच समजत नव्हतं. तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं तसंच केलं होतं मी. माय कॉम्प्युटर उघडा, दोनदा क्लिक करा. वही आहे अजून घरी."

तुमचा निकाल पोस्टकार्डावर लिहून पाठवा. चौघं आरोपी आहेत: पेनड्राइव्ह आणणारा मुलगा, ऑटोरन करणारी कंपनी, विषाणू लिहिणारा, आणि लाल खुणेवर फुली मारायला शिकवणाऱ्या बाई. रुपयातले किती पैसे कुणाला, आणि का? बाईंना सूट द्यायची नाही.